एक फोल्डर हवंय, अख्खा रेपो कशाला?

टर्मिनलवासी
‘गिटहबवरून एखादं फोल्डर उतरवून देणारी चिमुकली टूलं म्हणजे आळशांचे चोचले. सरळ क्लोन करा, हवं ते ठेवा, बाकीचं उडवा.’ परवा एकानं हे ठोकून दिलं. (नवख्यांसाठी: गिट म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणारं टूल, गिटहब म्हणजे असा कोड ठेवायची साइट, रेपो म्हणजे एका प्रकल्पाची तिथली पेटी, आणि क्लोन म्हणजे ती पेटी इतिहासासकट उतरवणं.) तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालू आहे, म्हणून हा धागा.

मला हवं असतं उदाहरणांचं एक फोल्डर. त्यासाठी प्रकल्पाचा जन्मापासूनचा इतिहास का ओढू? एकच फाईल असेल तर तिच्या थेट ‘रॉ’ लिंकवर कर्ल ही डाउनलोड कमांड मारली की झालं. घोडं अडतं ते फोल्डरपाशी. पूर्वी लिंकमध्ये ट्रंक घालून एसव्हीएन या गिटच्या आधीच्या टूलनं एक्सपोर्ट केलं की नेमकं तेवढंच यायचं. ती सोय गिटहबनं जानेवारी २०२४ मध्ये बंद केली. नेमकं फोल्डर बांधून देणारी गिट आर्काइव्ह कमांड त्यांच्याकडे रिमोटवरून चालत नाही. मग मी दोनशे ओळींची स्क्रिप्ट लिहिली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

जुनं_खोड
ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. इतिहास नको तर डेप्थ १ द्या, फक्त शेवटचा कमिट (कोडची नोंदवलेली अवस्था) येतो. फोल्डरच हवं तर ब्लॉब-नन फिल्टर लावून क्लोन करा (फायलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो) आणि ठरावीक फोल्डरच काढून देणारी स्पार्स-चेकआउट वापरा. ती कमांड जानेवारी २०२० मध्ये गिट २.२५ सोबत आली, कालपरवा नाही. तीन-चार ओळींचं काम.

टर्मिनलवासी
तीन-चार ओळी, ज्या दरवेळी नव्यानं शोधाव्या लागतात. शिवाय स्पार्स-चेकआउटच्या नेहमीच्या कोन मोडमध्ये रेपोच्या मुळाशी पडलेल्या सगळ्या फायली न मागता गळ्यात पडतात. मला नकोत त्या!

मास्तर_ऑफलाइन
अशाच एका टूलवर मी कार्यशाळेत विसंबलो होतो. तीस जण, एकच वायफाय. टूल प्रत्येक उपफोल्डरसाठी गिटहबच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामनं माहिती मागायच्या खिडकीला, वेगळं विचारत होतं. लॉगिन नसेल तर गिटहब एका आयपीला तासाला ६० विनंत्या देतं. पुढच्या बाकांवरच्यांचं काम झालं, बाकी सगळे कोरडे. बरं, टूल एररही छापत नव्हतं. रिकामं फोल्डर करून गप्प! उरलेला तास मी ‘जरा थांबा’ म्हणत काढला.

टर्मिनलवासी
टोकन, म्हणजे आपल्या खात्याची गुप्त किल्ली, दिलं की तासाला ५,००० मिळतात.

मास्तर_ऑफलाइन
हो ना. तीस नवशिक्यांना टोकन काढायला लावतो, त्यातले पाच जण ते कोडमध्येच लिहून पुश करतील. बघायला या.

अर्धवट_बिल्ड
एपीआयच्या नादी लागताच कशाला? डेगिट हे टूल करतं तसा टारबॉल (रेपोची इतिहासाशिवायची, दाबून बांधलेली एकच फाईल) उतरवायचा, नको ते फेकायचं. सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेले दुसरे रेपो, रिकामे येतात, तेवढं चालवून घ्या. आणि हो, रॉ लिंकवरून एलएफएसची (अवजड फायली वेगळ्या ठेवायची गिटची सोय) फाईल आणली तर खऱ्या फाईलऐवजी तीन ओळींची चिठ्ठी हाती येते. मी अर्धा दिवस ‘मॉडेल करप्ट आहे’ म्हणून बोंबलत होतो.

परवाना_दाखवा
फाईल आणायची कशी यावर सगळे भांडताय. आणल्यावर ती कुठून आली हे लिहून कोण ठेवतं? आमच्याकडे एका माणसानं तारखा वाचणारी एक फाईल अशीच उचलून आणली. तो नोकरी सोडून गेला. दोन वर्षांनी त्यात बग निघाला. मूळ रेपो कोणता, कमिट कोणता, कुणालाच पत्ता नाही. मग ग्राहकानं परवान्यांची यादी मागितली आणि आमची पाचावर धारण बसली. एमआयटीसारखा मोकळाढाकळा परवानासुद्धा म्हणतो की कॉपीराइटची सूचना प्रतीसोबत ठेवा. तो कागद असतो रेपोच्या मुळाशी. तुमचं टूल आणतं पोटातलं फोल्डर.

टर्मिनलवासी
हा विषयच नाही. चाकूनं बोट कापलं तर चाकू दोषी?

परवाना_दाखवा
मुठीलाच धार असेल तर हो. क्लोन केलं की निदान गिट लॉग, म्हणजे कमिटची यादी, तरी हाताशी असतो. तुमच्या टूलमागे काय उरतं? हवा.

अर्धवट_बिल्ड
म्हणून टारबॉलचा चेकसम (फाईल तीच आहे का हे पडताळायचा आकडा) नोंदवून ठेवावा.

जुनं_खोड
आणि जानेवारी २०२३ विसरलात? गिटनं टारबॉल दाबायला बाहेरचं जीझिप सोडून स्वतःचं वापरायला घेतलं, गिटहबनं ते घेतलं, आणि टारबॉलचे चेकसम एका दिवसात फिरले. कोडमध्ये काना-मात्रेचा फरक नाही, तरी लोकांची बिल्डं धडाधड पडली. गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. नोंदवायचाच तर कमिटचा हॅश, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, नोंदवा. सतत बदलत्या ‘मेन’ शाखेवरून आणलं हे सांगणं म्हणजे ‘नदीतून पाणी आणलं’ म्हणण्यासारखं आहे.

टर्मिनलवासी
एका उदाहरणाच्या फोल्डरसाठी एवढी पंचनामा-वही? तुम्ही लोक चहा करतानाही पावती जोडत असाल.

परवाना_दाखवा
दीडशहाणपणा पुरे. तीन आठवडे त्या यादीमागे रात्री मी जागलोय, तुम्ही नाही.

मास्तर_ऑफलाइन
एक गंमत लक्षात आली का? मघाशी टर्मिनलवासी ज्यावर चिडले होते, त्या कोन मोडच्या ‘गळ्यात पडलेल्या’ फायली. लायसन्स त्यांच्यातच असतं.

जुनं_खोड
:) मी काही बोललो नाही.

टर्मिनलवासी
बरं. आत्ताच बदल टाकला. फोल्डरसोबत मुळाशी असलेली लायसन्स फाईल येईल, आणि एका छोट्या फायलीत रेपोचं नाव, कमिटचा पूर्ण हॅश आणि तारीख. विनंती नाकारली गेली तर टूल ओरडेल, रिकामं फोल्डर करणार नाही. सगळं मिळून तीसेक ओळी वाढल्या. क्लोनवाल्यांचं अजूनही पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवा. कमिट हॅशसकट.

अर्धवट_बिल्ड
लिंक द्या की.

टर्मिनलवासी
प्रोफाइलवर आहे, पहिलाच रेपो.

परवाना_दाखवा
उघडला. छान लिहिलंय, खोटं कशाला बोलू. फक्त या रेपोत लायसन्स फाईल कुठे आहे? ती नसेल तर कायद्यानं ही स्क्रिप्ट उचलायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नाही.

टर्मिनलवासी
दहा मिनिटं द्या.