दोन कॉर्न स्नेक एकाच पेटीत ठेवावेत का?

रेडिंगवासी:
आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गेल्या वर्षी लेकीच्या हट्टाखातर कॉर्न स्नेकचे पिल्लू आणले, ते आता अडीच फुटांचे झाले आहे. ओळखीचे एक कुटुंब घर बदलत असून त्यांचा तेवढाच साप ते आम्हाला देऊ करत आहेत. आमची पेटी चार फूट लांब आहे आणि तिच्यातच दोघांची सोय करावी, म्हणजे पहिल्याला सोबत होईल, असे लेकीचे म्हणणे आहे. दुकानात पिल्ले एकमेकांना बिलगून बसलेली तिने पाहिली होती. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

सह्याद्रीपार:
स्वतंत्रच ठेवा, ही मनापासून विनंती. मी हीच चूक केली होती. पेटीत ऊब एकाच टोकाला होती आणि तिथली दडायची जागा मोठ्या सापाने धरली. भांडण नाही, फुत्कार नाही, तो नुसता आत वेटोळे घालून बसे आणि धाकटा थंड कोपऱ्यात पाण्याच्या भांड्यामागे पडून राही. मला वाटे, किती गुण्यागोविंदाने राहतात! एके सकाळी भुशावर अर्धवट पचलेला, गुलाबी पडलेला उंदीर दिसला आणि तो कोणी ओकला हेच कळेना. सापाला पचनासाठी बाहेरची ऊब लागते. ती न मिळाल्याने गिळलेले त्याच्या अंगी लागत नव्हते. वेगळ्या पेटीत हलवल्यावर धाकटा नीट खाऊ लागला, पण तोवर त्याने जे सोसले त्याची खंत मला आजही आहे. बिलगणे म्हणजे माया नव्हे. बऱ्याचदा दोघांनाही तीच एक उबदार किंवा आडोशाची जागा हवी असते.

निळी_कात:
सहमत आहे. शिवाय दोघांनी एकच उंदीर दोन बाजूंनी धरला, तर गिळता गिळता एक साप दुसऱ्यालाही गिळू शकतो. नर-मादी असल्यास पुरती वाढ न झालेली मादी गाभण राहते आणि अंडी अडकून तिच्या जिवावर बेतू शकते. नवा साप दिसायला ठणठणीत असला, तरी गोचिडीसारखे बारीक किडे किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या पचनसंस्थेतल्या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग घेऊन येऊ शकतो. म्हणून त्याला निदान तीन महिने दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि चिमटा, भांडी वेगळी वापरावीत.

मॅनिटोबाहून:
एक अपवाद नोंदवतो. आमच्याकडे कॅनडात नार्सिस येथे हजारो गार्टर साप चुनखडीच्या भेगांत एकत्र हिवाळा काढतात आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गार्टर सापाची पिल्ले ठरावीक सोबत्यांजवळ जाताना दिसली. गार्टर पाळणारे अनेक जण म्हणूनच त्यांना एकत्र ठेवतात. तो न्याय कॉर्न स्नेकला लावू नये. आणि किंग स्नेकला तर मुळीच नाही, कारण इतर साप हे त्याचे अन्नच आहे.

रेडिंगवासी:
सर्वांचे आभार. आहे त्याच पेटीत मध्ये फळी घातली तर चालेल का?

सह्याद्रीपार:
नाही. प्रत्येकाला उबदार आणि थंड अशी दोन्ही टोके हवीत, आणि पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक चार-पाच फुटांचा होतो. दोन फुटांच्या अर्ध्या पेटीत त्याला अंगही ताणता येणार नाही. दुसरी पेटी आणि तिचा थर्मोस्टॅट आधी घ्या, चार दिवस तापमान तपासा आणि मगच त्या कुटुंबाला होकार कळवा.