डायरी कापली म्हणून ती खोटी?

सांजवात:
काल इथेच एकांनी लिहिलं, "ॲन फ्रँकची डायरी बापाने छाटून छापली, बरीचशी तिनेच नंतर सजवली. मुलांना इतिहास म्हणून काय देता?" रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

ॲन म्हणजे ॲम्स्टरडॅममध्ये नाझींपासून घरच्यांसोबत लपून राहिलेली ज्यू मुलगी. २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच रेडिओवर तिथे आसऱ्याला गेलेल्या डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन म्हणाले, युद्ध संपलं की साध्या माणसांच्या डायऱ्या, पत्रं गोळा करू. पोरीने ते ऐकलं आणि मे महिन्यात सुट्या कागदांवर सगळं पुन्हा लिहायला घेतलं. ४ ऑगस्टला पकडले जाईपर्यंत लिहीत होती. लपून बसलेली पंधरा वर्षांची मुलगी आपलं पुस्तक घडवत होती, त्याला तुम्ही सजवणं म्हणता? तिच्या बापाने, ऑटोने, १९४७ मध्ये छापताना आईवरचा राग, देहाबद्दलचं थोडं वगळलं, खरं आहे. पण १९८६ ला सगळी रूपं, म्हणजे तिची मूळ वही, तिने पुन्हा लिहिलेली आणि बापाने छापलेली, शेजारीशेजारी छापली गेली. मग लपलं काय?

रानवारा:
मीच लिहिलं होतं. १९८६ लाही सगळं नव्हतं. आईबापाच्या संसाराबद्दलची पाच पानं ऑटोने दुसऱ्याकडे देऊन ठेवली होती, ती १९९८ ला बाहेर आली. आणि माझा खरा राग वेगळा आहे. शाळा एकच वाक्य उचलतात, माणसं मनाने चांगली असतात हे, आणि भिंतीवर लावतात. पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, डायरी लिहिणारा दावीद शेराकोव्याक कोणी वाचत नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच्या आईला तपासणीनंतर उचलून नेलं, आणि बाप त्या वेळी नातेवाइकांचं उरलेलं सूप पीत होता, हे पोराने लिहून ठेवलंय. ८ ऑगस्ट १९४३ ला तो गेला, एकोणीस वर्षांचा. वह्या नंतर घरात चुलीवर पडलेल्या सापडल्या. पाचच उरल्या.

पिंपळपान:
हेच तर छापायला नको होतं! तो बापही दावीदच्या आधीच गेला, उत्तर द्यायला कोणी उरलं नाही. आमच्या आजीची वही तेराव्यानंतर मामाने सगळ्यांसमोर वाचली. सहा वर्षं झाली, दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. ऑटोची बायको गेली, दोन्ही मुली गेल्या. त्याने बायकोबद्दलचं चार ओळींचं काढलं तर गुन्हा झाला का?

मुक्ता:
मामाच्या घरचं भांडण आणि लोड्झ एका पंगतीत बसवू नका, कळकळीने सांगतेय. तारेच्या आत दीड लाखाहून जास्त माणसं कोंडली होती. भूक बापाचं काय करते, ही साक्ष आहे, चहाडी नाही.
७२ च्या दुष्काळात आमचे आजोबा पोरांच्या वाटणीची सुकडी खायचे. बाबांनी हे साठी उलटल्यावर सांगितलं. शिवी दिली नाही, रडले. ते सांगितलं नसतं तर आजोबा मला कधी कळले नसते.

पिंपळपान:
मग तुलना तुम्हीही केलीतच. पण बाबांनी ते स्वतः सांगितलं, स्वतःच्या तोंडाने. दावीदला कोणी विचारलं होतं?

मुक्ता:
उपाशीपोटी, क्षयाने खंगत असताना वही भरणारा पोरगा ती कोणी वाचू नये म्हणून भरतो, असं मला पटत नाही. आजीच्या वहीबद्दल मात्र तुमचं बरोबर. तशी वाचायला नको होती.

सांजवात:
रानवारा, पाच पानं मी विसरले होते, चूक माझी. दावीद पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात घेते. पण ॲनचं ते वाक्य १५ जुलै १९४४ च्या नोंदीतलं आहे, आणि त्याच नोंदीत ती लिहिते की जग हळूहळू वैराण होताना दिसतंय, आपल्यालाही संपवणारा गडगडाट जवळ येताना ऐकू येतोय. अर्धं वाक्य भिंतीवर लावलं ते शाळेने. तिने नाही.

रानवारा:
ती नोंद अख्खी लावा भिंतीवर. मग माझी तक्रार नाही.