मदत हवी आहे : भाऊ जर्मनीचा नागरिक होतोय, अण्णांची शेती आणि त्याचं येणंजाणं याचं काय?

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे पण महिनाभर घरात हाच एक विषय चाललाय म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापुरात राहतो. माझा धाकटा भाऊ सप्टेंबर 2019 ला एमएस करायला जर्मनीला गेला, तिथंच नोकरी लागली, कायम राहायचा परवाना पण मिळाला. 2024 च्या जूनमध्ये तिथला कायदा बदलला, आधी नागरिक व्हायला 8 वर्षं राहावं लागायचं ते 5 झालं आणि जुनं नागरिकत्व सोडा ही अट पण काढली. त्यामुळंच फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला मुलगी झाली ती जन्मतःच जर्मन झाली, कारण आई किंवा बाप तिथं 5 वर्षं राहिलेला आणि कायम परवाना असलेला पाहिजे एवढंच. जुना कायदा असता तर 8 वर्षं लागली असती आणि पोरगी आपल्याच पासपोर्टवर असती. वहिनी 2022 ला गेली. तिनं रात्री जागून सी 1 या वरच्या पातळीपर्यंत जर्मन केलं कारण तेव्हा भाषा लै चांगली आली आणि कामात चमक दाखवली तर 3 वर्षांत अर्ज करता यायचा, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तो रस्ताच बंद केला. फोनवर रडली बिचारी. म्हणून भाऊ म्हणतोय की परत काही बदलायच्या आत मी तरी अर्ज टाकतो.

आता अडचण इथली. मंगळवेढ्याजवळ आमचं 7 एकर काळं रान आहे, मालदांडी ज्वारी होते. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, कुणीतरी एका एजंटानं सांगितलं की जर्मनीनं दोन पासपोर्टला परवानगी दिली म्हणजे भारताचा पण राहतो, त्यामुळं ते निवांत होते. मी वाचलं तर आपल्या 1955 च्या कायद्यात कलम 9 आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की आपलं आपोआप जातं. हे सांगितल्यापासनं अण्णा नीट जेवत नाहीत. नात परदेशी झाली आता लेकरू पण, एवढंच म्हणतात. आणि त्यांनी ठरवलंय की भावाच्या जर्मन नागरिकत्वाच्या शपथेआधी निम्मं रान बक्षीसपत्र करून त्याच्या नावावर करायचं, नाहीतर त्याचं नाव सातबाऱ्यावर कधीच लागणार नाही.

माझे प्रश्न : बक्षीसपत्राची घाई करावी का? ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) शेती राहते का? आणि आज्जी 88 वर्षांची, अंथरुणाला खिळलीय. शपथ झाल्यावर ओसीआय येईपर्यंतच्या मधल्या दिवसांत काही झालं तर भाऊ येऊ शकतो का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, ऐकीव माहितीनं आधीच लै घोळ झालाय.

प्रतिसाद १

ताई, मी कागदपत्रांचंच काम करतो. आधी बक्षीसपत्र थांबवा. तुमचा भाऊ नोकरीसाठी बाहेर राहतो म्हणजे फेमा कायद्यानं (परकीय चलनाचा कायदा) आजच अनिवासी आहे, पासपोर्ट भारताचा असला तरी. अनिवासी भारतीय असो की ओसीआय, दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस पण घेता येत नाही. म्हणजे शपथेआधी केलं काय नंतर केलं काय, नियम तोच. पण भारतात राहणाऱ्या माणसाकडनं वारसाहक्कानं शेती दोघांनाही मिळते आणि ठेवता पण येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. अण्णांना म्हणावं पासपोर्टनं तुमचा वारस बदलत नाही. रान आजोबांपासून आलेलं असेल तर मुलांचा आणि तुमचा पण जन्मापासनं हक्क येऊ शकतो, तो हिशोब वेगळा, त्यासाठी एकदा चांगल्या वकिलाला सातबारा आणि फेरफार दाखवा.

प्रतिसाद २

मी मूळची बार्शीची, जर्मनीतच असते, मागच्या वर्षी झालं माझं नागरिकत्व. तिथं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात देतात त्याच क्षणी तुम्ही जर्मन, आणि त्याच क्षणी आपला पासपोर्ट संपला. चुकूनही तो वापरून प्रवास करायचा नाही, गुन्हा आहे. मी ऑफिसला विनंती करून तारीख पुढं मागितली, आधी घरी 3 आठवडे राहून आले, मग प्रमाणपत्र घेतलं. जर्मन पासपोर्ट जादा फी भरून लवकर मिळतो, काही दिवसांतच. मग भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घ्यायचा, त्याशिवाय ओसीआय पुढं सरकत नाही. मधल्या काळात यायचं तर व्हिसा काढूनच. भावाला सांगा आज्जीला आधी भेटून जा. आणि मतदान जातं हो, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री अण्णांना सगळं वाचून दाखवलं. बक्षीसपत्र रद्द, वकिलाकडं सोमवारी जातोय, आणि भाऊ पुढच्या महिन्यात येतोय, प्रमाणपत्र त्यानंतरच घेणार. अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, वारसानं चालतं ना, मग त्या पोरीचं पण नाव लागंल का कधी सातबाऱ्यावर? तिच्याकडं जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय आहे. कुणाला माहिती असेल तर एवढं एक सांगा.