मदत हवी आहे: घरात बदलायचं नाही, बाहेर जायचंय. मधल्या वेळाचं काय करता?

अनोळखी_पाऊल

नमस्कार. हा आयडी आजच काढलाय, कारण उघड आहे. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो.

मी चाळिशी ओलांडलेला पुरुष. लग्न झालंय, १३ वर्षांची मुलगी आहे. कॉलेजपासून क्रॉसड्रेसिंग करतो, म्हणजे अधूनमधून बायकांचे कपडे घालतो. मध्ये दोनदा सगळं 'पर्ज' केलं, म्हणजे कपडे, विग, कानातले, सगळं कचऱ्यात टाकून 'आता बास' म्हटलं. दोन्ही वेळा वर्षाच्या आत पुन्हा खरेदी. ज्यांना अनुभव आहे ते हसतील. लग्नानंतर सहाव्या वर्षी बायकोला मीच सांगितलं. खूप रडारड झाली, अबोला झाला, आणि मग तिने तीन अटी घातल्या. घरात नाही. मुलीला कळता कामा नये. ओळखीचं कोणी भेटेल अशा ठिकाणी नाही. मला त्या अन्यायाच्या वाटत नाहीत. हे आधीच सांगतो, म्हणजे 'बायकोला समजावून सांग' छापाचे प्रतिसाद वाचतील.

आजवर दोनदा बाहेर पडलोय. वाटलं होतं लोकांची भीती वाटेल. ती पहिल्या दहा मिनिटांत गेली. कोणी बघत नाही हो, जो तो आपल्या फोनमध्ये. जीव जातो तो त्याआधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासात. घरातून निघताना पुरुष, रस्त्यावर बाई, घरी परतताना पुन्हा पुरुष. हा बदल करायचा कुठे? पहिल्यांदा गाडीत केला, पार्किंगच्या तळघरात. टाइट्स चढवताना कोपर हॉर्नवर पडलं आणि रखवालदार टॉर्च घेऊन हजर. माझा अर्धा चेहरा रंगवलेला. काहीतरी बरळून गाडी काढली आणि सरळ घराकडे... नाही, आधी चेहरा पुसायला एका पेट्रोल पंपावर. दुसऱ्या वेळी सार्वजनिक टॉयलेटमध्ये बदललो. बाहेर पडताना सफाई करणारा माणूस ज्या नजरेने दाराकडे बघत राहिला ते अजून आठवतं.

आता परवाचं. दुसऱ्या वेळेनंतर घरी आलो, तोंड तीनदा धुतलं होतं. जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुझ्या कानामागे काहीतरी चमकतंय." मी म्हटलं, ऑफिसात एकाचा वाढदिवस होता, चमकी उडवली सगळ्यांनी. तिचं समाधान झालं. बायको मात्र रात्री भडकली. मी बाहेर गेलो याबद्दल अवाक्षर नाही. "तू तिच्याशी खोटं बोललास आणि आता ते मीही सांभाळायचं," म्हणाली. उद्या मुलीने विचारलं वाढदिवस कुणाचा होता, तर?

तर बदलायचं कुठे, खुणा कशा राहत नाहीत, आणि मुलीने विचारलं तर काय सांगायचं, एवढं अनुभवी लोकांनी सांगावं.

दुपारची_बस

पार्किंग आणि टॉयलेट दोन्ही कायमचं बंद करा. पार्किंगमध्ये अंधारात धडपडणारा माणूस चोर वाटतो. टॉयलेटमध्ये आत एक गेला आणि बाहेर दुसरीच आली हे लक्षात राहतं, शिवाय तिथे येणाऱ्या इतरांनाही ते अस्वस्थ करणारं आहे.

माझी पद्धत सांगतो. बदलच कमीत कमी ठेवायचा. खालचा भाग असा निवडा की तो दोन्हीकडे खपेल: साधी काळी पँट, सपाट बूट. आतले कपडे आधीच घातलेले असू शकतात, पण ते 'घरात नाही' या अटीत बसतं का हे बायकोला विचारा, स्वतःच अर्थ लावू नका. मग बदलायला उरतं काय? टॉप, विग, क्लिपचे कानातले, लिपस्टिक. मेकअप सोडला तर पाच-सात मिनिटांचं काम.

जागा म्हणाल तर हॉटेलची खोली. घरापासून लांब, मोठं हॉटेल, जिथे लिफ्टमधून थेट बाहेर पडता येतं. काही ठिकाणी दिवसाची, ठरावीक तासांची खोली मिळते. नाव आणि ओळखपत्र स्वतःचंच द्या. खोटं नाव दिलंत तर कपड्यांचा प्रश्न नसतानाही प्रश्न उभा राहतो. बाहेर फिरतानाही ओळखपत्र जवळ हवं. कोणी हटकलं तर फोटो आणि चेहरा जुळणार नाही हे गृहीत धरा, शांतपणे नाव सांगा, वाद घालू नका. आणि प्रवासात असाल तर त्या देशाचा कायदा आधी बघा, काही देशांत पुरुषाने बायकांचे कपडे घालणं आजही गुन्हा आहे.

वेळ: रात्र नको. सगळ्या नवख्यांना अंधार सुरक्षित वाटतो. रात्री रस्त्यावर एकटी उंच बाई सगळ्यांना दिसते. कामाच्या दिवशी भर दुपारी दुकानांच्या गर्दीत कोणालाच दिसत नाही. फक्त शाळा सुटायची वेळ टाळा. तुम्हाला ओळखतील तर तेरा ते सतरा वयाची पोरंच, त्यांची नजर भयंकर असते.

कपडे आपल्या वयाच्या बायका त्या ठिकाणी जे घालतात तेच. पहिल्या वेळी मी पार्टीचा ड्रेस आणि तीन इंची टाच घालून भाजी घ्यायला गेलो होतो, काय सांगू. बुटांच्या मापाचं लक्षात ठेवा: युरोपियन नंबर बायका-पुरुषांना सारखाच असतो, अमेरिकन मापात मात्र साधारण दीड नंबर वाढवावा लागतो.

आवाज काढावा लागलाच तर नाटकी बारीक आवाज नको. पुरुषांचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास असतो, बायकांचा २०० च्या आसपास. ते अंतर एका दुपारी कापता येत नाही. हळू, थोडक्यात आणि हसून बोला.

सरळवाट

घरात वयात आलेली मुलगी असताना हे उद्योग! हा आजार आहे, डॉक्टर गाठा. बायकोला फसवताय ते वेगळंच.

अनोळखी_पाऊल

@सरळवाट, बायकोला माहीत आहे हे दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. बाकी राहू द्या.

@दुपारची_बस, आतल्या कपड्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. विचारतो. भाजीवर मात्र मनसोक्त हसलो.

जुनेपुराणे

आजाराचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात याच्या दोन नोंदी होत्या. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या अकराव्या वर्गीकरणात दोन्ही नाहीत. मनाला त्रास होत असेल तर समुपदेशकाकडे जरूर जावं, पण ते त्रासासाठी. कपड्यांसाठी नव्हे.

आणि कपड्यांवर पहारा फक्त पुरुषांवरच होता असंही नाही. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला की बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी लागेल. तो रद्दबातल असल्याचं तिथल्या मंत्र्यांनी जाहीर केलं २०१३ मध्ये!

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाशी जोडलेली गोष्ट वेगळीच आहे. १९६० च्या आसपास न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल डोंगरांत 'कासा सुझाना' नावाची जागा होती. लग्न झालेले, नोकरी-धंद्यातले पुरुष शनिवार-रविवारी तिथे यायचे, बायकांचे कपडे घालून गप्पा मारायचे, पत्ते खेळायचे, सोमवारी टाय लावून कामावर. काहींच्या बायकाही सोबत असायच्या. जागा चालवणाऱ्या जोडप्यातल्या पत्नीचा विगचा व्यवसाय होता. म्हणजे 'बदलायचं कुठे' ही अडचण साठ वर्षं तरी जुनी आहे, आणि त्या लोकांनी त्यासाठी अख्खं घर शोधलं. त्यांनी तिथे एकमेकांचे भरपूर फोटो काढले. कित्येक वर्षांनी ते फोटो न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात एका अनोळखी माणसाच्या हाती लागले आणि २००५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. फोटोंविषयी एवढं पुरे.

खटपट्या

फोटोंवरून पुढे घेतो, कारण कानामागची चमकी परवडली, फोन नाही परवडत.

तुमचे फोटो आपोआप क्लाउडवर जात असतील तर ते घरच्या सामायिक अल्बममध्ये जातात का, आत्ता उठून बघा. चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर विगला फसेलच असं नाही, ते तुम्हाला गुपचूप तुमच्याच नावाच्या फोल्डरमध्ये टाकू शकतं. आणि दिवाणखान्यातला टीव्ही रिकामा असताना अल्बममधले फोटो दाखवत बसतो का? माझा बसायचा. मी वाचलो ते नशिबाने, घरात त्या वेळी फक्त मांजर होती. लोकेशन शेअरिंग, नकाशाची टाइमलाइन, सामायिक खात्यावरून केलेली विगची खरेदी आणि मग मुलीच्या टॅबवर येणाऱ्या विगच्या जाहिराती, हे सगळं एकेक करून तपासा. खरेदीसाठी वेगळा ईमेल आणि वेगळं खातं.

आता चमकी. ती बारीक प्लास्टिक असते, कुठल्याही रिमूव्हरने विरघळत नाही, पाण्याने फक्त जागा बदलते. चिकटपट्टीने उचलायची. पण मुळात लावायचीच कशाला? बाकी मेकअप आधी तेलाने किंवा तेलकट क्लेन्झरने सोडवायचा, मग फेसवॉश. उलट क्रमाने केलंत तर वॉटरप्रूफ मस्कारा पापण्यांच्या मुळाशी बसतो आणि दुसऱ्या दिवशी काजळ घातल्यासारखे डोळे दिसतात. तपासायच्या जागा: केसांची कड, कानामागे, नाकपुड्यांच्या बाजू, जबड्याखाली. पांढरा टिशू दाबून बघा.

थरच कमी लावा. दाढीच्या निळसर छटेवर आधी नारिंगी करेक्टर लावला की ती मरते, मग फाउंडेशन फासावं लागत नाही. नेलपॉलिश नको, रिमूव्हरचा वास घरभर सांगत सुटतो. चिकट पट्टीची नखं लावा. परफ्यूम तर मुळीच नको, तो सीटबेल्टला लागतो. विगचे तंतू लांब असतात आणि कोटावर हमखास सापडतात, चिकट रोलर गाडीत ठेवा. आणि भुवया उपटू नका, परत यायला महिने लागतात.

तिचीबाजू

मी बायको आहे. नवऱ्याचं कळून अकरा वर्षं झाली. इथे सहसा लिहीत नाही.

तुमच्या बायकोच्या डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी असणार. 'मला बघायचं नाही' आणि 'तो बाहेर नीट आहे ना हे कळायला हवं.' दोन्ही खऱ्या. मी पहिलीच बोलून दाखवली होती, दुसरी कित्येक वर्षं गिळली. तो बाहेर असला की मी घड्याळ बघत बसायची आणि आला की भांडायची. आता आमच्यात फक्त दोन मेसेज असतात: 'पोचलो' आणि 'निघालो.' फोटो नाहीत, वर्णन नाही.

दुसरं, अपघात झाला तर? हे कोणीच लिहिलं नाही. त्या कपड्यांत हॉस्पिटलमध्ये नेलं तर फोन कोणाला जाणार? फोनच्या लॉक स्क्रीनवर तातडीचा नंबर बायकोचाच ठेवा, तुमच्या भावाचा किंवा ऑफिसचा नको. आणि कपड्यांची बॅग कुठे आहे, किल्ली कुठे आहे, हे तिला माहीत असू द्या. उघडायची नसली तरी.

मुलीबद्दल. प्रसंग रचू नका. वाढदिवस रचलात की केक लागतो, माणसं लागतात, आणि तेरा वर्षांच्या मुली तपशील विसरत नाहीत. आमच्या घरी ठरलेलं वाक्य होतं, "मेकअप आहे, कशासाठी ते माझं खासगी आहे." मुलाने एकदा विचारलं, एकदा भुवया उंचावल्या, संपलं. त्या वयात त्यांनाही दार लावून बसायचं असतं, खासगी म्हणजे काय ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पण हे वाक्य दोघांनी मिळून ठरवा. आणि कधी तिला सगळं कळलंच, तर 'कोणाला सांगू नकोस' हे ओझं तिच्यावर टाकू नका.

अनोळखी_पाऊल

अद्ययावत माहिती, तीन आठवड्यांनंतर.

तुमचा प्रतिसाद, @तिचीबाजू, बायकोला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि फक्त "हो, घड्याळ" एवढंच म्हणाली. आतल्या कपड्यांचं विचारलं, उत्तर 'नाही' आलं. बरं झालं विचारलं. बॅगेच्या किल्लीची जागा तिनेच बदलली, आता मलाच शोधावी लागते.

मुलीला मीच म्हटलं, त्या दिवशीचा वाढदिवस खोटा होता, तो मेकअप होता आणि ते माझं खासगी आहे. ती म्हणाली, "मला वाटलंच. वाढदिवसाला गेलास की तू केक घेऊन येतोस." पुढे काही विचारलं नाही. खोलीत निघून गेली. तिच्या मनात काय आहे कोण जाणे, पण बायकोला आता काही सांभाळायचं नाही.

गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा गेलो. हॉटेल, काळी पँट, दुपार. पाऊण तास चाललो, एका पुस्तकांच्या दुकानात गेलो, बिल देताना 'थँक यू' हळू म्हणालो. दोन मेसेज पाठवले. घरी आल्यावर बायकोने दारातच माझी मान वळवून आधी कानामागे पाहिलं. मग म्हणाली, "कान स्वच्छ. डावी भुवई धू."

एक राहिलंच. सिंथेटिक विग धुतल्यावर वाळवायचा कशावर? स्टँड ठेवायला जागा नाही आणि हॉटेलची खोली चार तासांचीच.

खटपट्या

धुतलाच पाहिजे असं दर वेळी नाही, आठ-दहा वेळा घालून झाल्यावर धुतला तरी चालतो. ओला असताना विंचरू नका, हेअर ड्रायर तर लांबच ठेवा, तंतू वितळतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि स्प्रेच्या उंच डब्यावर टोपीसारखा ठेवा. चार तासांत नाही वाळणार. खोली रात्रभराची घ्या.

दुपारची_बस

किंवा बायकोला विचारा. 'घरात नाही' म्हणजे घालायचा नाही, की वाळवायचाही नाही?