जर्मन यजमानांच्या घरी रुळताना : आपले अनुभव लिहा

शाळकरी वयात देवाणघेवाण योजनेतून जर्मनीला जाऊन एखाद्या कुटुंबात काही महिने किंवा पूर्ण वर्ष काढलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत. तेथील किल्ले आणि नाताळचे बाजार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; येथे मात्र उंबऱ्याच्या आतले लिहावे, ही विनंती. कोठे अडलात, कोणी समजावले, आणि आपले पाहुणेपण सरले हे कधी लक्षात आले? सुरुवात मीच करते.

पुणे – ब्रेमेन, २००४

औंधच्या ब्रेमेन चौकामुळे पुणेकरांना हे नाव परके नाही, पण त्या शहरातले जेवण मला पूर्ण परके होते. पहिल्या संध्याकाळी टेबलावर राय पिठाचा गडद पाव, चीजच्या चकत्या, काकडी आणि मुळा मांडलेला पाहून मी समजले की ही तयारी आहे, गरम जेवण मागाहून येईल. ते आले नाही, कारण ‘आबेंडब्रोट’ म्हणजे शब्दशः संध्याकाळचा पाव, आणि बहुतेक दिवस तेच रात्रीचे जेवण. गास्टमुटरने, म्हणजे यजमान आईने, पावाची टोपली पुढे केली तेव्हा मी अगत्याने ‘डांके’, म्हणजे आभार, म्हणाले आणि टोपली पुढे सरकली. असे तीनदा झाले. काही देऊ केल्यावर नुसते ‘डांके’ म्हटले तर त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो आणि हवे असल्यास ‘बिटे’ (कृपया) किंवा ‘या, गेर्न’ (हो, आवडेल) म्हणावे लागते, हे मला कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते. त्यातून आपल्याकडे एकदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदा अर्धी म्हणायचे आणि तिसऱ्यांदा पानात पडू द्यायचे ही रीत. तेथे पहिल्या ‘नको’चाच मान राखला जातो. दोन रात्री मी बॅगेतल्या बाकरवड्यांवर काढल्या. तिसऱ्या दिवशी घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने, ‘ही काहीच का खात नाही?’ असे सरळ विचारले, तेव्हा कोठे उलगडा झाला. गास्टमुटर हसल्या नाहीत; त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि दोन्ही उत्तरे माझ्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतली.

नाशिक – ओल्डेनबुर्ग, २०११

मी शाकाहारी आहे, हे अर्जात लिहिले होते. तरी ‘मासे चालतील ना?’ हा प्रश्न आलाच, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे विचारला होता. ओल्डेनबुर्गकडे थंडीत ग्र्युनकोल नावाची हिरवी कुरळी भाजी ‘पिंकेल’ या सॉसेजबरोबर तासन्‌तास शिजवतात, आणि ती खाण्यासाठी आधी हातगाडी ओढत घोळक्याने पायी फिरून येतात. त्या दिवशी माझ्यासाठी आजींनी एक लहान पातेले वेगळे लावले होते. भाजी आपल्या ताकातल्या पालकासारखी मऊ लागेल अशी माझी समजूत होती. ती तशी मुळीच लागली नाही, पण पातेले मी रिकामे केले.

मला सांगायचे आहे ते क्वार्कबद्दल. दुकानातून आणलेला क्वार्कचा डबा उघडून पाहिला, तर तो थेट चक्का निघाला, थोडा ओलसर एवढाच फरक. मी जास्त स्निग्धांशाचा क्वार्क स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर सिंकवर टांगला, सकाळी पिठीसाखर, वेलची आणि आईने दिलेले केशर घालून चाळणीतून काढले, आणि रविवारी दुपारी कॉफी व केकच्या वेळी वाट्या भरून पुढे ठेवल्या. (पुरणयंत्र नव्हते, चाळणीने हात भरून आले.) आजींनी चव घेतली आणि नेमके प्रमाण विचारून वहीत लिहून घेतले. ‘अंदाजे’ हे उत्तर त्यांना चालले नाही, म्हणून मला सगळे पुन्हा वजनकाट्यावर करावे लागले.

ठाणे – स्टुटगार्टजवळचे गाव, २०१६

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरे आहेत, परंतु दोन्हीकडच्या इमारतींच्या जिन्यांमध्ये काही नाते नाही. श्वाबेन भागात ‘केरवोखे’ असते : प्रत्येक बिऱ्हाडाकडे आठवड्याची पाळी येते, दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना, अंगणाची वाट आणि फुटपाथ झाडणे त्या बिऱ्हाडाकडे. आमच्या सोसायटीत हे काम करणारे वेगळे. मी कधी झाडू हाती धरला नव्हता. पहिल्या पाळीला यजमान वडिलांनी मला काही न सांगता स्वतः झाडले आणि मी बाजूला उभा राहिलो. दुसऱ्या पाळीला त्यांनी झाडू माझ्या हाती दिला. राग आला होता, हे कबूल करतो. शेजारच्या वृद्ध बाई मात्र तोवर माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणाल्या.

खिडकीचीही गंमत सांगतो. कडी आडवी केली की झडप उघडते, वर केली की झडपेचा वरचा भाग आत कलतो. पहिल्या रात्री मी ती वर फिरवली, खिडकी अंगावर आली असे वाटून दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि मोठ्याने ओरडलो. सगळे घर जमा झाले. पुढे जानेवारीतही रोज सकाळी हीटर बंद करून पाच-दहा मिनिटे सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, नाही तर भिंतींना बुरशी धरते, हे अंगवळणी पडले.

गाव सांगत नाही

वरचे सर्व अनुभव गोड आहेत, म्हणून हाही लिहिते. माझ्या पहिल्या घरात मी रुळलेच नाही. त्यांना बहुधा लहान मुलांना सांभाळणारी कोणी हवी होती आणि मला ते सहा आठवड्यांनी समजले. वाईट कोणीच वागले नाही. संस्थेच्या स्थानिक स्वयंसेविकेला सांगण्याआधी मी महिनाभर गप्प बसले, कारण ‘ज्यांच्याकडे जेवतो त्यांची तक्रार करायची नाही’ हे बाळकडू. तिने सांगितले की घर बदलणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि तुम्ही बोलला नाहीत तर सगळे ठीक आहे असेच आम्ही धरतो. तो महिना मी उगाच घालवला, असे आजही वाटते.

कोल्हापूरची एक आई

मुलगी गेली होती, मी नाही. मी रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचे, जेवलीस का, काय जेवलीस. तिसऱ्या आठवड्यात तिच्या गास्टमुटरने मला सभ्य पत्र पाठवले : तुमचा फोन येतो तेव्हा आमची जेवणाची वेळ असते, ती उठून खोलीत जाते आणि तासाभराने रडून परत येते, रविवारी बोलाल का? मला फार लागले. यांनी पत्र दोनदा वाचले आणि ‘बाईंचे बरोबर आहे’ म्हणाले, त्यावर आमचे दोन दिवस वाजले. मग रविवार ठरला. चौथ्या रविवारी तिने फोन लवकर ठेवला, कारण केक ओव्हनमध्ये होता.

एक प्रश्न

मी ऑगस्टमध्ये जाणार आहे. यजमान आईला काय म्हणायचे असते?

पुणे – ब्रेमेन, पुन्हा

बहुधा पहिल्याच दिवशी त्या तुला आपले पहिले नाव सांगतील आणि ‘डू’ म्हणायला लावतील, म्हणजे एकेरीत बोलायला. माझी जीभ काही रेटेना; इथे लिहितानासुद्धा मी त्यांना ‘त्या’च म्हणते आहे. म्हणून कित्येक दिवस मी कोणालाच न संबोधता बोलत राहिले : ‘दूध मिळेल का’, ‘इथे बसले तर चालेल का’. मग एके दिवशी तळघरात धुणे लावले असता मशीनखालून पाणी वाहू लागले, आणि मी जिन्याच्या तळाशी उभी राहून त्यांना नावाने हाक मारली.