कॉर्टिसॉल वाढलेले, पण एमआरआय निर्मळ

प्रश्न: माझ्या बहिणीचे कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथींचे संप्रेरक) ते दाबणारी डेक्सामेथासोनची गोळी देऊनही खाली आले नाही आणि एसीटीएचही (अॅड्रिनलना कॉर्टिसॉल बनवण्याचा हुकूम देणारे संप्रेरक) चढेच आहे, मात्र ते सोडणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या एमआरआयमध्ये गाठ दिसली नाही. आता अॅड्रिनल ग्रंथींचा सीटी स्कॅन करून घ्यावा का?

प्रतिसाद १: एसीटीएच दबलेले असते, तर तोच स्कॅन प्रथम करावा लागला असता. ते चढे असताना अॅड्रिनल ग्रंथी केवळ हुकमाच्या ताबेदार असतात. त्या फुगलेल्या दिसल्या, तरी मूळ दोष दुसरीकडेच असतो. पिट्युटरीतील गाठ अनेकदा काही मिलिमीटरचीच असल्यामुळे एमआरआयमधून निसटते. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन, बारीक छेदांचा एमआरआय झाला होता का?

प्रतिसाद २: याच्या उलटही घडते. सुमारे १० टक्के निरोगी माणसांच्या पिट्युटरीतही निरुपद्रवी बारीक गाठ सापडते, त्यामुळे निव्वळ चित्रावर विसंबून शस्त्रक्रिया ठरवणे मला धोक्याचे वाटते. गाठ ६ मिलिमीटरपेक्षा लहान असो वा दिसतच नसो, जांघेतील शिरेतून नळी सरकवून पेट्रोसल सायनसमधील (पिट्युटरीचे रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमधील) रक्त घेतात आणि त्यातील एसीटीएचची हाताच्या शिरेतील रक्ताशी तुलना करतात; तेथे ते बरेच जास्त भरले, तर दोष पिट्युटरीतच असतो.

प्रतिसाद ३: त्यात पिट्युटरी निर्दोष ठरल्यास छाती-पोटाचा सीटी आणि गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी (अशा गाठींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेला स्कॅन) करतात, फुप्फुसातील एसीटीएच सोडणारी छोटी गाठ (कार्सिनॉइड) तेथे सापडू शकते.