फिनलंड नाटोत गेलं तेव्हा रशिया थंड, मग युक्रेनवरून एवढं का?

निळाई:
नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारला 'रशिया आणि त्याचे पश्चिमेकडचे शेजारी' हा विषय मिळालाय. आठवडाभर रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांची भाषणं वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. डिसेंबर २०२१ला रशियाने सुरक्षा कराराचे दोन मसुदे जाहीर केले, एक अमेरिकेसाठी आणि एक नाटोसाठी. मागणी काय तर नाटो आणखी वाढवू नका, आणि २७ मे १९९७ नंतर आत आलेल्या देशांमधून तुमचं सैन्य मागे घ्या. पुढे फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू. मग ४ एप्रिल २०२३ला फिनलंड नाटोत गेलं, जवळपास १३४० किमीची हद्द, म्हणजे नाटो आणि रशियाची जमिनीवरची सीमा एका दिवसात दुप्पट, आणि त्याबद्दल पुतिन मे २०२२मध्येच बोलून गेले होते की यातून थेट धोका नाही, फक्त तिथे लष्करी तळबिळ उभारले तर आम्ही उत्तर देऊ. तक्रार खरंच नाटोची होती की फक्त युक्रेनची? सरांनी हेच विचारलं तर काय सांगू?

गोदाकाठ:
ताई, लावरोव वाचताना 'अविभाज्य सुरक्षा' हा शब्द धरून चाला, त्यांच्या परराष्ट्र खात्याचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. कुणीही आपली सुरक्षा दुसऱ्याची सुरक्षा कमी करून वाढवायची नाही, असं ते म्हणणं. आणि हे त्यांनी हवेतून काढलेलं नाहीये, ओएससीई या युरोपच्या सुरक्षा संघटनेच्या १९९९च्या इस्तंबूल सनदेत आहे, २०१०ला तिच्या अस्तानातल्या बैठकीत सगळ्या सदस्यांनी परत मान्य केलंय. जानेवारी २०२२च्या शेवटी लावरोवने पाश्चात्त्य परराष्ट्रमंत्र्यांना याच मुद्द्यावर पत्रं धाडली आणि वर बजावलं की उत्तर प्रत्येक देशाने आपापलं द्या, गटाने देऊ नका. युरोपियन युनियनने आपले तेव्हाचे परराष्ट्र धोरणप्रमुख बोरेल यांच्यामार्फत एकच उत्तर पाठवलं.

पण त्याच सनदेत, त्याच परिच्छेदात असंही लिहिलंय की प्रत्येक देशाला आपले सुरक्षा करार आणि आघाड्या निवडायचा, बदलायचा हक्क आहे. मॉस्को एक अर्धा वाचतं, वॉर्सा आणि टॅलिन (म्हणजे पोलंड आणि एस्टोनिया) दुसरा. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की १९९७ नंतर आलेले म्हणजे पोलंड, झेक, हंगेरी, तिन्ही बाल्टिक देश (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया), रोमेनिया वगैरे, यांच्या जमिनीवर कोण राहणार याचा सौदा करायला दोन्ही मसुदे, अगदी नाटोसाठीचासुद्धा, हातात दिले कुणाच्या, तर वॉशिंग्टनच्या! ज्यांच्या घराबद्दल बोलणं चाललंय त्यांना कुणी विचारलंच नाही. शेजारी मोठ्या देशाला का घाबरतात त्याचं उत्तर त्या पत्त्यातच आहे असं मला वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर जुलै २०२१मधला पुतिनचा लेख वाचाच, रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत असं सांगणारा. फिनलंडबद्दल असा लेख त्यांनी कधी लिहिला नाही. फरक तिथे आहे.

हिमगौरी:
मी हेलसिंकीजवळ एस्पोला राहते, बरीच वर्षं झाली. फिनलंडची बाजू इथून जशी दिसते तशी सांगते. युद्धाआधीच्या सर्व्हेंमध्ये नाटोला पाठिंबा देणारे इथे अगदी थोडे असायचे, सोव्हिएत युनियनशी झालेल्या १९४८च्या मैत्री करारापासून शेजाऱ्याला न दुखवता राहायची सवयच लागली होती या देशाला. ते मसुदे आले तेव्हा इथल्या राष्ट्राध्यक्षांनी, निनिस्तोंनी, १ जानेवारी २०२२च्या भाषणात मुद्दाम सांगितलं की नाटोत जायचा पर्याय आमचा आमच्याकडे आहे. नंतर मे महिन्यात पत्रकारांनी रशियाच्या नाराजीबद्दल विचारलं तर त्यांचं रशियाला उत्तर होतं, हे तुम्हीच घडवून आणलंत, आरशात बघा.

पीटर्सबर्गला इथून अलेग्रो ट्रेन होती, साडेतीन तासांत पोचायची, पासपोर्ट डब्यातच तपासून व्हायचे. मार्च २०२२च्या शेवटी ती थांबली ती थांबलीच. २०२३च्या डिसेंबरपासून तर माणसांसाठी जमिनीवरची सगळी नाकी बंद आहेत कारण फिनलंड म्हणतं रशिया कागदपत्रं नसलेल्या लोकांना मुद्दाम हद्दीवर आणून सोडतो, मॉस्को ते नाकारतं. ज्यांचे आईवडील पलीकडे आहेत अशा इथल्या रशियन बोलणाऱ्यांचे फार हाल आहेत, त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आणि निळाई, रशिया थंड वगैरे राहिला नाही हां. २०१०ला मोडीत काढलेला, फिनलंडलगतचा लेनिनग्राड लष्करी जिल्हा २०२४ला परत उभा केलाय, आणि पुतिननी त्याचं कारण फिनलंडच सांगितलं होतं.

तटबंदी:
गोदाकाठ, तुमचं बरंचसं पटतं पण चित्र एकांगी होतंय. १९९९ला सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता युगोस्लावियावर ७८ दिवस बाँब टाकले ते नाटोनेच ना? २००२ला अमेरिका रशियाबरोबरच्या, क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या करारातून बाहेर पडली, मग रोमेनियात देवेसेलूला इंटरसेप्टरचा (येणारी क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांचा) तळ आला. २००८ला नाटोने बुखारेस्टच्या बैठकीत युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होणार असं जाहीर केलं पण कधी, कसं, काहीच नाही. म्हणजे रशियाला चिथावलं पण आणि त्या दोघांना संरक्षण पण दिलं नाही. त्याच वर्षी रशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मेदवेदेवनी सगळ्या युरोपसाठी नव्या सुरक्षा कराराची कल्पना मांडली, पुढच्या वर्षी मसुदाही दिला, त्यावर धड चर्चासुद्धा झाली नाही. यातल्या कशानेही २०२२चा हल्ला योग्य ठरत नाही, हे मी ठासून सांगतो. पण सेमिनारमध्ये हे गाळलंत तर लावरोव एवढा चिडून का बोलतो ते कळणारच नाही.

निळाई:
खूप खूप आभार सगळ्यांचे! कालिनिनग्राडचा मुद्दा यात घेऊ का? फाफटपसारा होईल का?

गोदाकाठ:
घ्याच. १९४५ला जर्मनीकडून मिळालेलं कोनिग्जबर्ग, आज रशियाचाच पण मुख्य भूमीपासून तुटलेला, पोलंड आणि लिथुआनियाच्या मध्ये अडकलेला तुकडा. जून २०२२ला लिथुआनियाने युरोपियन निर्बंधांवर बोट ठेवून तिथे जाणारं रशियन स्टील वगैरे रोखलं, मॉस्कोने नाकेबंदी म्हणून आरडाओरडा केला, जुलैमध्ये युरोपियन युनियनने रेल्वेने नेलेला माल चालेल (शस्त्रं सोडून) असा खुलासा केला आणि प्रकरण निवळलं. शिवाय तिथून बेलारूसपर्यंत सुवाल्कीची चिंचोळी पट्टी आहे, सरळ अंतर ६५ किमीच्या आसपास, बाल्टिक देशांना बाकीच्या नाटोशी जमिनीवरून जोडणारा तेवढाच एक रस्ता. नकाशा स्लाइडवर मोठा लावा, अर्धा प्रश्न तिथेच समजेल सरांना.